‘चर्चा करावी’ : विद्यापीठाच्या ऑफिसातलं वातावरण बिघडतं कुठे?

विद्यापीठाच्या प्रशासनात काम करणाऱ्या कुणालाही नस्तीच्या, म्हणजे फाइलच्या, समासातले हे दोन शब्द ओळखीचे असतात. ‘चर्चा करावी.’ खाली छोटी सही आणि तारीख. नस्ती वरून उतरते आणि लिपिकाच्या टेबलावर येऊन पडते. चर्चा कशावर, कधी, कुणी करायची, काही लिहिलेलं नसतं. लिपिक नस्ती काखेत घेऊन केबिनबाहेर उभा राहतो, तर साहेब मीटिंगमध्ये. दुपारी जातो, तर साहेब दुसऱ्या इमारतीत. तिसऱ्या दिवशी गाठ पडते आणि चार मिनिटांत कळतं, एका परिपत्रकाची प्रत जोडायची राहिली होती. मधल्या तीन दिवसांत खिडकीवर आलेल्या विद्यार्थ्याची बोलणी मात्र लिपिकानेच खाल्लेली असतात.

ठाणे-नवी मुंबईत आता विद्यापीठांची ऑफिसं बरीच आहेत. बाळकुमला मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर आहे, नेरूळला अभिमत विद्यापीठ आहे, पनवेलकडे खाजगी विद्यापीठं आहेत. प्रत्येकाची घडी वेगळी, आणि ही पोस्ट कुणा एका ऑफिसवर नाही. पण ‘सकारात्मक कार्यसंस्कृती’ म्हटलं की सगळीकडे व्याख्यान, योगदिन आणि वाढदिवसाचा केक एवढंच सुचतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. केक जरूर कापा. पण माणसाचं मन लागतं की उडतं, ते नस्ती कुठे अडते आणि त्याचं खापर कुणावर फुटतं यावर ठरतं.

म्हणून सुरुवात तिथूनच करावी. कुलसचिवांच्या, म्हणजे रजिस्ट्रारच्या, सहीने एका पानाचा कार्यालयीन आदेश काढला तरी पुरे. ‘चर्चा करावी’ लिहिणाऱ्याने मुद्दा एका ओळीत लिहायचा आणि वेळही द्यायची, जास्तीत जास्त दोन कामाच्या दिवसांतली. चर्चा झाली की काय ठरलं ते नस्तीतल्या त्याच टिपणीखाली दोन ओळींत नोंदवायचं आणि दोघांनी सही करायची. ही दुसरी सही फार महत्त्वाची. तोंडी सूचना दिली एकाने आणि पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला की नाव टिपणी लिहिणाऱ्याचं, या भीतीनेच माणसं पुढाकार घेणं सोडतात. आणि त्रुटी काढायच्या तर सगळ्या एकदाच काढायच्या. आज प्रत नाही म्हणून परत, परवा पृष्ठांकन नाही म्हणून परत, त्यानंतर लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा ते) चुकलं म्हणून परत, हे बंद झालं तरी निम्मी चिडचिड जाईल.

नस्ती टेबलावर किती दिवस राहावी, यासाठी नवा शोध लावायची गरज नाही. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब यांबाबतचा राज्याचा २००५ चा कायदा आहे. त्यात साधी नस्ती ७ कामाच्या दिवसांच्या वर पडून राहू नये, तातडीची शक्यतो ४ दिवसांत आणि अतितातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत निघावी, असं मोजमाप दिलेलं आहे. तेच आपल्या आदेशात घ्यावं. मात्र ते वरच्या टेबलांनाही लागू हवं. लिपिकाला सात दिवस आणि केबिनला मुदतच नाही, असा आदेश कुणी मनावर घेत नाही.

टप्पेही मोजा. कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, अधीक्षक, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव. नावात दुरुस्ती किंवा स्थलांतर प्रमाणपत्र अशा नित्याच्या कामाला सहा सह्या कशाला? तीन पुरतात. पण अधिकार खाली दिल्याचा लेखी आदेश हवा. नुसतं ‘तुम्ही करून टाका’ म्हटलं, तर अधीक्षक स्वतःच्या बचावासाठी नस्ती वर पाठवणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

परीक्षा विभागाची गोष्ट वेगळी आहे, तिथे ताण कायद्यानेच येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ निकालासाठी ३० दिवस सांगतो आणि कमाल मर्यादा ४५ दिवसांची घालतो. त्या काळात इतर विभागांतून माणसं ओढून आणतात, तेही आदल्या संध्याकाळी फोन करून. आलेल्याला लॉगिन मिळत नाही, काम ठाऊक नसतं, तो बसून राहतो आणि मूळ विभागात त्याचं टेबल साचतं. यादी महिनाभर आधी लागली, अर्धा दिवस प्रशिक्षण झालं आणि लॉगिन तयार ठेवले, तर तीच माणसं उपयोगी पडतात. गुण भरणारा आणि तपासणारा एकच नसावा. राखीव, म्हणजे अडकून राहिलेल्या, निकालांची कारणं रोज संध्याकाळी एका वहीत लिहावीत: आसन क्रमांक चुकला, अंतर्गत गुण कॉलेजकडून आले नाहीत, गैरहजर म्हणून नोंद झाली. कारण लिहायचं, कुणाचं नाव नाही. ज्या वहीत नाव येतं तिथे चुका लपवल्या जातात, आणि लपवलेली चूक निकालाच्या दिवशी बाहेर पडते. सुट्टीच्या दिवशी काम केल्याची बदली रजा त्याच आठवड्यात नोंदवा, नाहीतर ती पुढे कुणालाच आठवत नाही. बायकांना रात्री आठपर्यंत थांबवणार असाल तर स्टेशनपर्यंत गाडी द्यावी. बाळकुमसारख्या ठिकाणाहून रिक्षा शोधत फिरणं त्यांच्या माथी मारू नये.

वेळेचंही तसंच आहे. बायोमेट्रिकवर दहा मिनिटं उशीर झाला की खूण, आणि बऱ्याच ठिकाणी तीन खुणांना एक किरकोळ रजा कापतात. इथली बरीच माणसं कसारा-कर्जतकडून येतात, बाकीची घोडबंदर रोडच्या कोंडीतून किंवा ट्रान्स हार्बरच्या लोकलने. एक गाडी रद्द झाली की खूण लागलीच. त्यापेक्षा दोन तुकड्या करा, एक ९.१५ ते ५.४५ आणि दुसरी १०.१५ ते ६.४५. खिडकीही लवकर उघडते आणि संध्याकाळी नोकरी करून येणाऱ्या विद्यार्थ्याला कुणीतरी भेटतं. खिडकीवर एकाच माणसाला दिवसभर बसवू नका, दोन-दोन तासांनी बदला. आवाज चढला की अधीक्षकाने स्वतः उठून बाहेर यावं. हे शिकवायला कुठल्या कार्यशाळेची गरज नाही.

व्हॉट्सअॅपबद्दल एवढंच: संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर आदेश नको, आणि ग्रुपवर कुणाची चूक तर मुळीच नको.

कंत्राटी डेटा एंट्रीची मुलं आणि हाउसकीपिंगची माणसं यांना आपण ‘एजन्सीचे’ म्हणून बाजूला ठेवतो. त्यांचा पगार लांबतो तेव्हा बहुतेक वेळा हजेरीपत्रक आपल्याच विभागात सहीला अडलेलं असतं. एजन्सीने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ आस्थापनेवर, म्हणजे विद्यापीठावरच, येते. म्हणून हजेरीपत्रक १ तारखेलाच सही होऊन निघालं पाहिजे आणि बिलाबरोबर आदल्या महिन्याचं भविष्यनिर्वाह निधीचं चलन, नावांच्या यादीसह, तपासून घेतलं पाहिजे. यादी नसेल तर कुणाचे पैसे भरले आणि कुणाचे नाही, ते कळतच नाही.

आणि शेवटची, माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट. जे ऑफिस स्वतःच्या माणसांच्या नस्त्या रखडवतं, तिथे बाहेरच्यांची कामं कुणी आपुलकीने करत नाही. वैद्यकीय बिल, वेतननिश्चितीचा फरक, कालबद्ध पदोन्नती या आस्थापना विभागातल्या नस्त्यांची प्रलंबित यादी दर महिन्याला सूचना फलकावर लावावी. नाव नको, फक्त आवक क्रमांक, तारीख आणि नस्ती कोणत्या टेबलावर आहे एवढंच. सेवापुस्तक, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींची वही, वर्षातून एकदा कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यावी. बऱ्याच ठिकाणी ते कपाटातून थेट निवृत्तीच्या वर्षी निघतं. मग सापडतं की पंधरा वर्षांपूर्वीची एक वेतनवाढ नोंदलेलीच नाही, एका बदलीच्या काळातल्या रजेचा हिशेब कोरा आहे, जन्मतारखेवर खाडाखोड आहे आणि साक्षांकन नाही. त्या नोंदी करणारे अधिकारी केव्हाच निवृत्त झालेले असतात. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये निवृत्तीच्या दोन वर्षं आधी कागदांची तयारी सुरू करायला सांगितलं आहे. ती दोन वर्षं खरोखर वापरा. पहिल्या सहा महिन्यांत सेवापुस्तकातल्या त्रुटींची यादी काढा, पुढच्या सहा महिन्यांत जुन्या विभागांकडून दाखले मागवा आणि शेवटचं वर्ष पडताळणी व आक्षेपांसाठी मोकळं ठेवा. तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाच्या हातात शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेशही असायला हवा.