परभणीच्या दादांना उत्तर: भंगार घेतलं खरं, पण उघडून बघून घेतलं

राम राम दादा. लिलावात घेतलेल्या जुन्या सर्व्हरच्या (ऑफिसात चोवीस तास चालणारा मोठा कॉम्प्युटर) माझ्या पोस्टवरची तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की लिलावातलं सरकारी भंगार उचलून मी त्याला सर्व्हर म्हणायलो, वीजबिलाचं अक्षर लिहिलं नाही, पोरांना उगं नादी लावायलो, अन् त्यापेक्षा कमी वीज खाणारा छोटा मिनी पीसी बरा.

विजेचं कबूल. तिथं मी हात आखडला. माझं मशीन डेल कंपनीचं आर७२०, २०१२ चं मॉडेल, काही काम नसलं तरी माझ्याकडं दीडशे वॅटच्या आसपास खातं, म्हणजे दिवसाला साडेतीन युनिट, महिन्याला शंभराच्या वर, महावितरणचा पहिला स्लॅब एकट्या त्या डब्यानंच ओलांडला. आवाजाचं तर विचारूच नका, पहिल्या दिवशी पंखे सुरू झाले तसं आईनं आतून विचारलं, घरात मळणीयंत्र कामून लावलंस रे? आता रविवारी पोरं शिकायला येतात तेव्हाच लावतो. चोवीस तास चालवायचं असेल तर तुमचं मिनी पीसीचं गणितच बरोबर.

पण भंगार म्हणाल तर नाही. लॉट म्हणजे लिलावात एकत्र विकायचा माल 'जसा आहे, जिथं आहे' असा असतो, फोटोत सहा मशीन दिसतात, आत काय ते कुणी सांगत नाही. म्हणून पाहणीच्या दिवशी टॉर्च घेऊन नांदेड गाठलं. पत्र्याची खोली, मशीनवर पारव्यांची घाण, तिथले शिपाई मामा म्हणले उघडा की, कोण विचारतंय. एकात रॅमच्या २४ खाचा अन् पट्ट्या चारच, शेजारच्यात १६! हार्डडिस्क एकातही नाही, डेटा असतो म्हणून काढल्या ते बरोबरच, पण डिस्क बसवायचे ट्रे पण सोबत गेले, ते नंतर शोधताना जीव गेला. बाकीचे वजनावर बोली लावत होते, मी पट्ट्या मोजून लावली. (ही रॅम रजिस्टर्ड ईसीसी, म्हणजे सर्व्हरसाठीची वेगळी, साध्या डेस्कटॉपला चालत नाही, तेव्हा काढून गावात विकू असं कुणी मनात आणू नका.)

खरी चूक तुम्ही पकडलीच नाही दादा, नियमांचं मी लिहिलंच नव्हतं. माझा लॉट २०२१ चा. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झालेत, मोठ्या संस्थांनी हा माल नोंदणी असलेल्या उत्पादक, रिसायकलर (मोडून माल वेगळा करणारा) नाहीतर रिफर्बिशरलाच (दुरुस्त करून विकणारा) द्यायचा. म्हणजे एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या साइटवर लॉट दिसला म्हणून तुमच्या-माझ्या नावानं बोली चालेलच असं नाही. आधी अटींचं पान वाचायचं, मग अनामत भरायची. जीएसटी बोलीच्या वर वेगळा, अन् मुदतीत माल उचलला नाही तर जागेचं भाडं बसतं. मी छोटा हत्ती आदल्या रात्रीच सांगून ठेवला होता म्हणून वाचलो.

वीज आणि हे नियम, दोन्ही मूळ पोस्टमध्ये आज टाकतो. लातूरला आलात तर रविवारी या, झाकण उघडून दाखवतो. कानाला रुमाल बांधून या तेवढं.