धुक्यात लपला नव्हता एडी डेम्प्सी

खेळातल्या 'महाठगां'च्या याद्या इंटरनेटवर फिरत असतात, त्यात हा किस्सा हमखास सापडतो. साल १९४७, इंग्लंडात लिव्हरपूलजवळच्या एनट्री रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल, म्हणजे कुंपणांवरून उड्या मारत पळायची घोड्यांची शर्यत. दाट धुकं. आयरिश जॉकी एडी डेम्प्सीने कॉहू नावाचा घोडा पहिल्या फेरीतच एका कुंपणाआड उभा केला, बाकीचे चक्कर मारून येताच त्यांच्यात घुसवला आणि एकास शंभर भावाने शर्यत मारली. किस्सा झकास आहे, पण खोटा.

आधी जागा बघू. आपल्या पुण्या-महालक्ष्मीच्या रेस म्हणजे सपाट मैदानावरचं मिनिट-दोन मिनिटांचं काम. एनट्रीत मात्र तेव्हा दोन फेऱ्या, सव्वासात किलोमीटरच्या आसपास अंतर आणि ३० उड्या होत्या. विजेत्याला त्या दिवशी दहा मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला. म्हणजे लपायचं तर पाचेक मिनिटं एका जागी उभं राहायचं. नुकत्याच ५६ घोड्यांबरोबर उधळलेल्या जनावराला, कळप पुढे निघून जात असताना, गपगुमान उभं करून दाखवा बरं! त्यात कुंपणांपाशी माणसं असतात आणि घोड्यावरून पडलेले जॉकीही तिथूनच पायी परततात. एकालाही तो दिसला नाही?

दुसरा मुद्दा: ही लबाडी 'कोर्टात बाहेर आली', असं किस्सा सांगणारे म्हणतात. दुसरा आलेला घोडा लॉख कॉन, त्याचा जॉकी डॅनियल मकॅन. तो २० लेंग्थनी, म्हणजे वीस घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, हरला होता. पुढे त्याची नि डेम्प्सीची मारामारी झाली, प्रकरण कोर्टात गेलं, तिथे मकॅनने हा आरोप केला. कोर्टाने तो मानला नाही. निकालपत्रात आजही पहिलं नाव कॉहूचंच आहे. आरोप कोर्टात झाला एवढ्यावरून तो सिद्ध झाला म्हणायचं, तर मग बोलणंच खुंटलं.

'एकास शंभरचा घोडा सरळ मार्गाने जिंकेल कसा?' हा लोकांचा आवडता सवाल. १९२८ साली टिपेररी टिम आणि १९६७ साली फॉइनेव्हन याच भावाने जिंकले. ही शर्यतच तशी आहे. शिवाय कॉहू अगदीच भिकार नव्हता. ५० पौंडांना घेतलेला असला तरी १९४५ आणि १९४६ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने अल्स्टर नॅशनल ही आयर्लंडातली शर्यत मारली होती. पाठीवर वजन फक्त १० स्टोन (सुमारे साडेत्रेसष्ट किलो). फेव्हरिट, म्हणजे लोकांनी सर्वांत जास्त पैसे लावलेला घोडा प्रिन्स रीजंट, त्याच्याहून सुमारे १६ किलो जास्त घेऊन चिखलात पळत होता, तो चौथा आला.

खरी गंमत हवामानात आहे. त्या वर्षी ब्रिटनमध्ये जीवघेणा हिवाळा पडला. जमीन गोठली, कित्येक आठवडे रेस बंद, घोड्यांना धड मेहनत नाही. कॉहूची मेहनत मात्र डब्लिनजवळ सटनच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत चालायची. मार्चअखेर चिखलाने भरलेल्या मैदानावर कुणाचा दम टिकणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

धुक्यात लपल्याचा असा गुन्हा एकदा खरोखर घडलाय, पण तो अमेरिकेत, लुइझियानातल्या डेल्टा डाउन्स रेसकोर्सवर, १९९० साली. तिथे जॉकी पकडला गेला आणि त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली. ती शर्यत जेमतेम मैलभराची होती, हे ध्यानात घ्या.

आता पुरावा. बेचर्स ब्रुक ही तिथली बदनाम उडी, पहिल्या फेरीत सहावी, दुसऱ्या फेरीत बाविसावी. पन्नासहून अधिक वर्षांनी त्या शर्यतीचे दोन फोटो पुढे आले: एकात कॉहू पहिल्या फेरीत बेचर्स ओलांडतोय, दुसऱ्यात दुसऱ्या फेरीत. एकदा ओलांडून पुन्हा तिथेच यायचं, तर मधे 'चेअर' नावाची उडी आणि पाण्याची उडी घेत, प्रेक्षकांच्या स्टँडसमोरून अख्खी चक्कर मारावीच लागते.