टाकीचं झाकण कुठे आहे?

आज मामेभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, बायपासच्या पलीकडच्या कॉलनीत. येणारा प्रत्येक जण मॉड्युलर किचनचे ड्रॉवर उघडून बघत होता. मी विचारलं, सेप्टिक टँकचं झाकण कुठे आहे? ऐन जेवणाच्या पंगतीत! वहिनीने डोळे वटारले. बिल्डरचा माणूस पार्किंगच्या टाइल्सवर पाय आपटून म्हणाला, "यहीं नीचे है भैया, बीस साल खोलना नहीं पड़ेगा."

बीस साल!

अहो, टाकीत गाळ खाली बसतो, तेलकट थर वर तरंगतो, मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो, नाहीतर तो शोषखड्डाही बुजवतो. वीस वर्षं न भरणाऱ्या टाकीला तळच नसतो. काँक्रीट वाचवायचं आणि घाण जमिनीत जिरवायची. मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं, तर तो नुसता हसला. आणि बोअरिंग? त्याच पार्किंगच्या दुसऱ्या कोपऱ्यात.

पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा १८ मीटर, म्हणजे साठेक फूट लांब हवा. प्लॉटच २० बाय ५०. ठीक आहे, प्लॉट कुणी ताणू शकत नाही. पण तळ घालायला काय धाड भरली होती? वापरायच्या आधी टाकी काठोकाठ भरून एक दिवस ठेवली, तरी पातळी उतरली की गळती कळते. एका टँकरचा खर्च!

हो, २०२१ मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं, आपलं इंदूरच ठरलं, अभिमान मलाही आहे. पण ड्रेनेज लाइन या कॉलनीच्या फाटकापर्यंत आलेली नाही.

दादाला तरी काय बोलणार? वहिनीच्या पाटल्या गेल्यात या घरात. गुरुजी आशीर्वाद देत होते, मी गप्प बसलो.

पण घरी आल्यापासून ते "बीस साल" डोक्यातून जात नाही. कधीतरी टाकी तुंबणार, टाइल्स फुटणार, आणि कुणीतरी एखाद्या पोराला पाचशे रुपये दाखवून म्हणणार, उतर खाली. सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. आत हायड्रोजन सल्फाइड जास्त साठला असला की नाक बधिर होतं, वासही येत नाही, माणूस सरळ कोसळतो. तेव्हा हा बिल्डरचा माणूस कुठे सापडणार?

आत्ता दादाला फोन केला. सामान हलवायच्या आधी चार टाइल्स काढू म्हटलं. आधी भडकला, मग म्हणाला, रविवारी ये.

झाकण उघडून तळ तपासणारा, बिल्डरच्या ओळखीतला नसलेला प्लंबर कुणाला माहीत असेल तर इनबॉक्समध्ये नंबर टाका. रविवारच्या आत.