'झटपट निर्णय'वाला फॉरवर्ड

आज सकाळी परत तोच फॉरवर्ड. "अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत आणा. जनतेने थेट निवडलेला एक माणूस, चार वर्षं कुणी आडवं येणार नाही, निर्णय झटपट!" खाली अंगठ्यांची रांग. त्यातले दोघं-तिघं चक्क वकील, म्हणून डोकं जास्त फिरलं.

अहो, ती पद्धत आडवं येण्यासाठीच बांधलीय! १७८७ साली फिलाडेल्फियात बसलेली माणसं काही वर्षांपूर्वीच एका राजाशी लढून मोकळी झाली होती. तिथली राज्यघटना उघडून बघा. पहिला अनुच्छेद काँग्रेसचा, म्हणजे त्यांच्या संसदेचा, आणि तोच सगळ्यात लांबलचक. अध्यक्षाचा नंबर दुसरा.

आता तुमचं 'झटपट' बघू. डिसेंबर २०१८. ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवर भिंतीसाठी ५७० कोटी डॉलर हवे होते. तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे. कायदा झाल्याशिवाय अध्यक्षाला एक डॉलरही उचलता येत नाही. सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, असं विधेयक पुढे सरकायला १०० पैकी ६० मतं लागतात, ती जमेनात. जानेवारीत प्रतिनिधीगृह, म्हणजे खालचं सभागृह, विरोधकांच्या हातात गेलं. खर्चाची मंजुरी आधीच संपलेली, त्यामुळे केंद्राच्या कितीतरी खात्यांना ३५ दिवस टाळं. सुमारे आठ लाख कर्मचारी बिनपगारी. काही घरी, काही विमानतळावर लोकांच्या बॅगा तपासत. पगार मिळाला तो नंतर. आणि भिंतीला? १३७.५ कोटी. घ्या, झटपट.

(हो, त्यानंतर त्यांनी राष्ट्रीय आणीबाणी पुकारून दुसरीकडचा पैसा तिकडे वळवला. मान्य. पळवाटा तिथेही आहेत.)

आपल्याकडे लोकसभेने खर्चाची मागणी फेटाळली तर सरकार घरी जातं. तिथे अध्यक्ष आणि काँग्रेस, दोघांनाही लोकांनी वेगवेगळं निवडलेलं, मुदती ठरलेल्या. पैशावरून भांडण झालं म्हणून कुणीच कुणाला घरी पाठवू शकत नाही. मग बंद पडतं ते ऑफिस! त्या ३५ दिवसांचं खरं कारण एवढंच आहे. कुणाचा हट्टी स्वभाव वगैरे नंतर.

चार वर्षं निवांत? प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागांची निवडणूक दर दोन वर्षांनी. मंत्री नेमायचा तर सिनेटची संमती लागते, आणि काँग्रेसचा सभासद राजीनामा दिल्याशिवाय मंत्री होऊच शकत नाही. त्यातून १९५२ साली कोरियाचं युद्ध चालू असताना अध्यक्ष ट्रुमन यांनी संप टाळायला पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तर सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते सोडायला लावले. युद्ध चालू असताना! एवढं आडवं तर आपल्याकडे जाऊबाईही येत नाहीत.

बरं, जरा थंड होतो. फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांचा वैताग मला कळतो. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जे पाहिलं, त्यानंतर आपलं मत नक्की कुठल्या पक्षाला पडलंय हे पेपर उघडून बघावं लागतं. आमदार फोडून अध्यक्ष पाडता येत नाही, हा एक मुद्दा सोडतो त्यांना. पण मग नको असलेला माणूस काढायचा कसा? १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने गेलं. तिकडे १८६८ साली अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरच्या महाभियोगात, म्हणजे पदावरून काढायच्या खटल्यात, सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मतं पडली, म्हणजे बहुमत साफ विरोधात. तरी गडी वाचला, कारण दोन तृतीयांशांना एक मत कमी पडलं. सिनेटने आजवर एकाही अध्यक्षाला दोषी ठरवून काढलेलं नाही. आज त्यासाठी ६७ मतं लागतात. काका, ही ६७ कुठून आणायची ते फॉरवर्डमध्ये नाहीये.

आणि 'जनतेने थेट निवडलेला' हे तर सोडूनच द्या. अध्यक्ष निवडतात ५३८ निर्वाचक, म्हणजे राज्याराज्यांतून त्यासाठीच निवडलेली माणसं. जिंकायला २७० हवेत. दोन राज्यं सोडली तर ज्याला राज्यात एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. २००० साली बुश यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या गोर यांना देशभरात पाच लाखांहून जास्त मतांची आघाडी होती, पण फ्लोरिडात ते ५३७ मतांनी मागे. अध्यक्ष झाले बुश. तेव्हा उद्या परत पाठवणार असालच, तर तो 'थेट' शब्द तेवढा खोडून पाठवा.