‘फुकटच्या रेशनमुळे मजूर मिळत नाहीत’ या मेसेजला माझं उत्तर

सोयाबीनची काढणी जवळ आली की आमच्या लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर भाऊजींनी टाकला, मग गावच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या मैत्रिणींच्या. मजकूर थोडक्यात असा: सरकार फुकट रेशन देतं म्हणून लोक आळशी झाले आणि शेतात मजूर मिळेना. रेशन घेणाऱ्यांच्या दारात मोटारसायकल आणि हातात मोबाईल असतो, म्हणजे सगळे बोगस. मिळालेला तांदूळ ते विकून टाकतात, म्हणजे त्यांना गरजच नाही. हे सगळं आपल्या टॅक्सवर चाललंय. तेव्हा रेशन बंद करा, फार तर खात्यात पैसे टाका.

मी शेतकऱ्याच्याच घरातली आहे. आमचं आठ एकर सोयाबीन असतं. ऐन काढणीत माणूस मिळत नाही तेव्हा जिवाची काय घालमेल होते, ते मी दरवर्षी बघते. त्यामुळे हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा त्रास खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या त्रासाचं खापर ज्या बायांच्या डोक्यावर फोडलंय त्याच आमच्या शेतात राबतात, आणि मेसेजमधली एकही गोष्ट तपासून बघितली तर टिकत नाही.

‘फुकट रेशन मिळतं म्हणून कामाला येत नाहीत’

आधी मिळतं किती ते बघू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या (म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या) प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. अंत्योदयच्या, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या, कार्डाला माणसं कितीही असोत, ३५ किलो. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला झाले २५ किलो. केंद्र सरकारच्याच २०२२-२३ च्या खर्चाच्या पाहणीत खेड्यातला माणूस महिन्याला सरासरी साडेनऊ किलोच्या वर धान्य खातो असं आढळलंय. म्हणजे रेशनवर अर्धा महिना निघतो. उरलेला अर्धा महिना, शिवाय तेल, डाळ, तिखट-मीठ, गॅस, दवाखाना, पोरांच्या वह्या, हे सगळं रोजगारातूनच भागवावं लागतं.

ते २५ किलो धान्य बाजारातून ३० रुपये किलोने आणलं तर साडेसातशे रुपये होतात. आमच्याकडे बाईचा निंदणीचा रोज अडीचशे-तीनशे आहे. म्हणजे तीन दिवसांची मजुरी. तीन दिवसांच्या मजुरीएवढं धान्य घरात आलं म्हणून माणूस बाकीचे सत्तावीस दिवस हातावर हात ठेवून बसेल, हे ज्याला पटतं त्याने एकदा स्वतःच्या घरचा महिन्याचा किराणा लिहून काढावा.

‘फुकट’ या शब्दाचंही बघू. हे धान्य आधीही जवळजवळ फुकटच होतं: गहू २ रुपये किलो, तांदूळ ३ रुपये किलो. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या काळात त्याच्यावर माणशी ५ किलो जादा धान्य मोफत सुरू झालं. ते डिसेंबर २०२२ मध्ये थांबलं आणि जानेवारी २०२३ पासून मूळचे ५ किलो मोफत झाले. त्यामुळे पाच माणसांच्या घराचे महिन्याला पन्नास-पाऊणशे रुपये वाचले, पण कोविडच्या काळात मिळत होतं त्यातलं निम्मं धान्य कमी झालं. आळस वाढायचा तर तो कोविडच्या काळात दुप्पट धान्य मिळत होतं तेव्हा वाढायला हवा होता. आता पंच्याहत्तर रुपयांसाठी माणसं काम सोडून बसली, असं हा मेसेज म्हणतो.

मग मजूर जातात कुठे? कुठेच जात नाहीत, आपण सगळे एकाच पंधरवड्यात त्यांना शोधत असतो. शिवारात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. सगळ्यांचं एकदम वाळतं, पावसाची धास्ती सगळ्यांना एकदम लागते, शेंगा तडकायची भीतीही सगळ्यांनाच. ज्या बाया ऑक्टोबरात ‘येणं होत नाही’ म्हणतात, त्याच फेब्रुवारीत दारात येऊन ‘वहिनी, काही काम हाय का?’ विचारतात आणि तेव्हा आपल्याकडे त्यांना द्यायला काम नसतं. त्या महिन्यांत त्यांनी काय खायचं, हा प्रश्न त्या मेसेजमध्ये येत नाही.

शिवाय काढणी आता रोजाने कमी आणि गुत्त्याने जास्त होते. चार-पाच घरांच्या बाया-माणसं मिळून टोळी करतात, एकरावर भाव ठरवतात आणि दिवस उगवायच्या आत शेतात असतात. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या टोळीतल्या एका बाईच्या तळहाताला विळ्याने चीर गेली होती. तिने पदराची किनार फाडली, दातांनी गाठ मारली आणि पुढच्या ओळीला लागली. दुपारी सोडलेल्या फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा. त्या दिवशी ती दुसऱ्या कुणाच्या शेतात रोजाने गेली नाही, म्हणून तिकडे कुणीतरी नक्की म्हणालं असणार की रेशन मिळतं, आता कशाला येतील!

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड-जालन्याकडची आणि आमच्याकडचीही कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अंगावर घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेपासून फडात, रात्री-बेरात्री गाडी भरायला उभे. या लोकांना आळशी म्हणताना जीभ कशी रेटते? कार्ड गावचं आणि मुक्काम कारखान्याच्या तळावर, त्यामुळे ते सहा महिने त्यांच्या रेशनचे हाल असतात. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे दुसऱ्या गावात धान्य उचलता येतं हे खरं. पण तिथला दुकानदार म्हणतो, माझ्या कार्डांपुरताच माल आलाय.

जुन्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी त्यांच्या बोलण्यात अजून येते. ‘खायला मिळतंय, कामाला कोण जाणार’ असं तेव्हा झालं नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पाग्यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर रुजली. गावाजवळ काम निघालं आणि माणसं आली.

या मुद्द्यात एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मी कबूल करते. घरात पंधरा दिवसांचं धान्य असेल तर बाई दोनशे रुपयांच्या रोजाला ‘नाही’ म्हणू शकते. पूर्वी म्हणू शकत नव्हती. चूल पेटायची तर मिळेल त्या पैशात यावंच लागायचं. मला हे चांगलं झालं असं वाटतं, मजुरी देताना माझ्या हाताला चटका बसतो तरीही. तो चटका बसतो कारण आपल्या मालाला भाव नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला आणि कितीतरी शेतकऱ्यांना आडतीवर त्याच्या खाली माल घालावा लागला. भांडायचं तर त्यासाठी भांडू, मजुराच्या ताटातल्या भातासाठी नको.

‘मोटारसायकलवाले रेशन घेतात, सगळे बोगस’

बोगस कार्डं आहेत. शेतजमीन, नोकरी, चारचाकी असूनही धान्य उचलणारी घरं मी पाहिली आहेत आणि ती नावं कमी झालीच पाहिजेत. पण मोटारसायकल आणि मोबाईल ही गरिबी मोजायची पट्टी नव्हे. एसटी दिवसातून दोनदा येते त्या गावातल्या माणसाला दहा कोसांवरच्या कामावर पोचायला जुनी गाडी लागते. मुकादमाचा निरोप मोबाईलवरच येतो. रेशनची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, तीसुद्धा आता मोबाईलवरून करता येते.

खरी मेख उत्पन्नाच्या मर्यादेत आहे. आपल्या राज्यात प्राधान्य कुटुंबासाठी खेड्यात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपयांची मर्यादा धरली गेली, तीही कायदा लागू होतानाची. आता हिशोब करा. नवरा-बायको दोघांनी वर्षात ७५-७५ दिवसच काम केलं आणि रोज ३०० रुपये पडला, तरी ४५ हजार होतात. ३६५ पैकी ७५ दिवस राबणारं जोडपंही त्या मर्यादेच्या वर गेलं. एकीकडे म्हणायचं हे लोक काम करत नाहीत, आणि काम करून चार पैसे मिळवले की म्हणायचं हे बोगस आहेत.

ज्यांना मिळायला हवं आणि मिळत नाही त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही. महाराष्ट्राला या कायद्याखाली ७ कोटी १६ हजार लोकांचा इष्टांक, म्हणजे धान्य मिळणाऱ्यांचा जास्तीत जास्त आकडा, ठरवून मिळाला आहे आणि तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. २०११ नंतर लग्न होऊन आलेल्या सुना, जन्मलेली पोरं यांची नावं कार्डावर चढली तरी धान्य सुरू होईलच असं नाही, कारण कुणाचं तरी नाव कमी झाल्याशिवाय जागा होत नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईची धाकटी मुलगी आता दुसरीत आहे. तिचं ५ किलो अजून सुरू नाही. तहसीलला गेलं की एकच उत्तर मिळतं, इष्टांक पूर्ण आहे.

‘तांदूळ विकतात, म्हणजे गरज नाही’

आमच्या भागातलं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. रेशनवर येतो गहू आणि तांदूळ, कोणत्या महिन्यात कुठला किती ते वरून ठरतं. भात आमच्याकडे पोटभरीचा मानत नाहीत, शेतात राबणारा माणूस तर नाहीच. मग चार किलो तांदूळ देऊन दीड-दोन किलो ज्वारी किंवा तेलाची पिशवी आणली, तर त्या बाईने आपल्या घराला लागेल ते आणलं एवढंच झालं. विकायला कायद्याने मनाई आहे हे मला माहीत आहे. पण त्यावरून गरज नाही असं कसं ठरतं? गरज नसलेला माणूस चार किलोसाठी अर्धा दिवस रांगेत उभा राहत नाही.

रेशनच्या धान्याचा मोठा काळाबाजार होतो तो पोत्यांनी आणि ट्रकने होतो. तो पकडायलाच हवा. पिशवीत पाच किलो नेणाऱ्या बाईला चोर म्हणून तो पकडला जाणार नाही.

‘आपल्या टॅक्सवर जगतात’

केंद्राचा या धान्यावरचा खर्च वर्षाला साधारण २ लाख कोटी रुपये आहे, रक्कम मोठीच आहे. पण त्यातला मोठा भाग गहू आणि भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हमीभाव म्हणून जातो. हमीभावाने खरेदी करा असं आपणच म्हणतो. मग भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातलं ते धान्य जायचं कुठे? आणि टॅक्स भरतो कोण? मजूर बाई मोबाईलचं रिचार्ज मारते त्यावर १८ टक्के जीएसटी भरतेच, माझ्याएवढाच.

‘त्यापेक्षा खात्यात पैसे टाका’

हे ऐकायला सरळ वाटतं आणि चांगल्या मनाचे लोकही हेच म्हणतात, म्हणून जरा थांबून बघू. हा प्रयोग आपल्याकडेच चालू आहे. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभागांतले जिल्हे आणि वर्धा, अशा १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी (दारिद्र्यरेषेच्या वरच्या) कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होतं. ते बंद झालं आणि २०२३ पासून माणशी महिना १५० रुपये सुरू झाले, पुढे त्याचे १७० झाले. ५ किलोला १७० म्हणजे किलोला ३४ रुपये. बाजारातला भाव चढला तरी खात्यातले १७० तेवढेच राहतात. धान्याचे पाच किलो मात्र कुठल्याही भावाला पाच किलोच असतात.

झारखंडात रांचीजवळच्या नगडी तालुक्यात २०१७ मध्ये असंच केलं होतं. पैसे खात्यात, ते काढून आणायचे आणि रेशन दुकानातून ३२ रुपये किलोने तांदूळ घ्यायचा. पैसे आले का बघायला बँकेत एक चक्कर, काढायला दुसरी, दुकानात तिसरी. लोकांनी मोर्चे काढले आणि पुढच्या वर्षी सरकारला ते मागे घ्यावं लागलं.

आमच्या गल्लीत एक म्हाताऱ्या मावशी आहेत. आयुष्यभर खुरपं धरून बोटांवरच्या रेघा पुसल्यात. रेशन दुकानात पॉस मशीन त्यांचा अंगठा घेत नाही. मग त्या बोट पदराला पुसतात, डोक्याला घासून तेल लावतात, पुन्हा ठेवतात, दुसऱ्या हाताचं बोट ठेवून बघतात. मागच्या महिन्यात सातव्या वेळेला मशीनने घेतलं. दुकान गावात आहे, दुकानदार ओळखीचा आहे, आज नाही झालं तर ‘उद्या सकाळी या, सर्व्हर मोकळा असतो’ म्हणतो. मावशी आणि त्यांचा नातू, कार्डावर दोनच नावं. दोघांचे १० किलो त्या दोन फेऱ्यांत घरी नेतात.

त्याऐवजी खात्यात पैसे आले तर दोघांचे होतात ३४० रुपये. बँक तालुक्याला आहे, तिथेही अंगठाच लागतो. जायला जीपचे तीस, यायला तीस. त्या दिवशी अंगठा नाही लागला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा साठ. हातात राहिले दोनशे वीस.