सायकलस्वारांनी घ्यावयाची काळजी (सुधारून वाढवलेली आवृत्ती)

परवा सोसायटीच्या ग्रुपवर 'सायकलस्वारांनी घ्यावयाची काळजी' असं पत्रक येऊन पडलं. हेल्मेट घाला, भडक शर्ट घाला, मागे लाल दिवा लावा. डंपरवाल्यांनी घ्यावयाच्या काळजीचं पान बहुधा छापायचं राहिलं. तेव्हा आपल्याकडून थोडी भर.

रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने चला. पुण्यात ती जागा तुमच्यासाठीच राखलेली आहे. तिथे पावसाळी गटाराची जाळी असते, तिच्या सळ्या बरोब्बर चाकाच्या दिशेने बसवलेल्या असतात आणि 28 मिलिमीटरचा टायर त्यांत मापात बसतो. जाळी चुकवलीत तर पुढे डंपरमधली क्रशसँड (बांधकामाची दगडी वाळू) सांडलेली आहेच, कारण ताडपत्री ही फक्त पोलीस दिसल्यावर ओढायची वस्तू आहे.

सायकल ट्रॅक वापरा. (हसू नका.)

मिक्सरवाल्याची घाई समजून घ्या. त्याचं काँक्रीट दोनेक तासांत ओतावं लागतं. तुम्ही काय, नंतरही पोहोचाल.

सिग्नलला डंपर उभा दिसला की त्याच्या डावीकडून सरकत पुढे जा आणि केबिनच्या दाराशी थांबा. लपायला याहून चांगली जागा शहरात नाही. चालक बसलाय उजवीकडे, त्याचे डोळे जमिनीपासून अडीचेक मीटरवर, आणि तुमचं हेल्मेट, ते भडक असलं तरी, डाव्या खिडकीच्या कडेखाली. पुढच्या काचेवर गोंडे, झालर, लिंबू-मिरची. डावा आरसा तारेने बांधलेला, त्यात आकाश दिसतं. पूर्वी त्या बाजूला किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर, बसायचा, दार थापटून 'थांब, सायकल आहे' म्हणून ओरडायचा. त्याचा पगार वाचवला. आता त्या सीटवर पाण्याचा कॅन बसतो.

मग सिग्नल सुटतो. दहाचाकीला डावीकडे वळायचं असलं की चालक आधी गाडी उजवीकडे काढतो, कारण मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग येत नाहीत, आतून कापत येतात. तुम्हाला डावीकडे मोकळी जागा दिसते. वाटतं, भल्या माणसाने वाट दिली. दिलेली असते, पण स्वतःच्या मागच्या चाकांना! केबिन पुढे निघून जाते, मधला भाग अंगावर येत जातो, डावीकडे फुटपाथची कड. हँडल घासतं, तोल जातो आणि पुढच्या-मागच्या चाकांमधल्या उघड्या पोकळीत माणूस जातो. तिथे आडवे पट्टे असायला हवेत, साइड गार्ड. आरटीओत पासिंगच्या दिवशी असतातही. मग खडीच्या ढिगाऱ्यावर चढताना वाकतात आणि कापून भंगारात जातात. लंडनने 2015 पासून साडेतीन टनांवरच्या गाड्यांना साइड गार्ड आणि जवळचं दाखवणारे आरसे सक्तीचे केले. त्यांना काय, हौसच फार.

महामार्गावर नवले पुलाच्या उतारावर असाल तर देवाचं नाव घ्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारली की इंजिनाचा अटकाव संपतो, सगळं वजन ब्रेकच्या लायनरवर येतं, आणि ते तापल्यावर पेडल दाबा नाहीतर दाबू नका, सारखंच.

बास झालं. सायकलवाल्यांनो, आता सरळ ऐका. अवजड गाडीच्या डावीकडून घुसायचं नाही. कितीही जागा दिसली तरी नाही. मागे दोन-तीन मीटर थांबा. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. गटारापासून मीटरभर आत चालवा. मागून हॉर्न मारतोय? मारू दे, म्हणजे तुम्ही त्याला दिसलात.

आणि पत्रक पुढे ढकलणाऱ्यांनो, रोज सायकल चालवतं कोण? आपलाच रात्रपाळीचा वॉचमन, काळी सायकल, हँडलला डबा. त्याला भडक शर्ट घ्यायला सांगताय? शेजारच्या विंगच्या स्लॅबसाठी रोज डंपर आणि मिक्सर आपल्याच गेटमधून आत येतात. एकदा तरी खाली उतरून ठेकेदाराला विचारलंत, डावा आरसा कुठाय, किन्नर कुठाय, साइड गार्ड कुठे विकलास? उद्या सकाळी पहिली गाडी येईल तेव्हा विचारा. नसेल तर गेट उघडू नका.