आधी बरणीचं झाकण काढा

मार्च लागला की एक मेसेज दरवर्षी फिरायला लागतो. वर ठळक अक्षरांत 'मराठवाड्यात कीटकभक्षी झाडं जगवायचा एकमेव उपाय', खाली घटपर्णीचा, म्हणजे पानाच्या टोकाला कीटक पकडणारा घट धरणाऱ्या झाडाचा फोटो, आणि मजकूर मात्र पान मिटून माशी पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपचा. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. त्यातला एक मामेभावाकडून, 'दादा, तुमच्या कामाचं आहे' अशी पुस्ती जोडून. म्हणून लिहायला बसलो, कारण या मेसेजचं ऐकून मी एक झाड मारलेलं आहे.

मेसेज सांगतो ते थोडक्यात असं: या झाडांना ८० ते ९० टक्के आर्द्रता लागतेच, आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून ती काचेच्या बरणीत झाकण लावून ठेवा. पंखा लावू नका, दमट हवा उडून जाते. दिवसातून चार वेळा पाणी फवारा. जमलं तर बाथरूममध्ये ठेवा, नाहीतर कूलरसमोर. आणि आरओ मशिनचं वाया जाणारं पाणी यांनाच घाला.

आधी त्या ८० टक्क्यांचं बघू. लागतेच म्हणजे कुणाला? कीटक खातात एवढ्यावरून सगळी झाडं एका माळेत ओवली आहेत. फ्लायट्रॅप अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीची. पाइनचं विरळ रान, पाणथळ आणि निकस जमीन, पायाशी ओल, डोक्यावर उघडं ऊन. घटपर्णी मेघालयची. तिला दमट हवा खरंच मानवते, हवा फार कोरडी झाली की नव्या पानाच्या टोकाला घट धरत नाही, टोक काळं पडून वाळतं. तिच्यापुरतं मेसेजचं म्हणणं निम्मं खरं आहे. पण नर्सरीत मिळणारे काटक संकर हळूहळू सवय लावली तर ५०-६० टक्क्यांतही घट धरतात. आणि उजेड कमी पडला तरी घट धरत नाही, हे मेसेजवाले सांगत नाहीत.

पानावरच्या केसांच्या चिकट थेंबांनी कीटक धरणारा दवबिंदू तर आपल्याच राज्यातला. ऑगस्ट-सप्टेंबरात साताऱ्याजवळ कासच्या पठारावर गेलात तर दवबिंदू आणि सीतेची आसवं, दोन्ही कीटकभक्षी, पायाशी दिसतील. तुमचं लक्ष मात्र छत्रीकडे असेल, कारण वारा ती उलटी करत असतो. हवेत पाणी भरपूर, पण ती हवा एका जागी मिनिटभर थांबत नाही. ओलावा आणि वारा तिथं जोडीनं नांदतात. मेसेजनं ती जोडी फोडली आणि निम्मीच घरात आणली.

आता आपल्या हवेचा कोरडेपणा. सकाळी २५ अंशांना ५० टक्के दाखवणारी हवा दुपारी ४० अंशांवर गेली की काटा २१-२२ टक्क्यांवर येतो, आणि हवेतलं पाणी थेंबभरही कमी झालेलं नसतं. हवा तापली की तिची तहान वाढते. झाडाला ती तहान जाणवते, यात खोटं काही नाही. पण मग उपाय दोन निघतात: हवेत पाणी घाला, किंवा तापणं कमी करा. खिडकीला ओलं गोणपाट लावून खोली ३४ अंशांवर राखली, तर नुसत्या गारव्यानं तीच हवा ३० टक्क्यांपर्यंत येते, आणि गोणपाटातून उडणारं पाणी वर आणखी थोडी भर घालतं.

शिवाय तुमचा आर्द्रतामापक काय दाखवतो यावर फार विसंबू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्याचा चिखल होईल एवढंच पाणी घाला, मापकासकट ते झिपच्या पिशवीत आठ तास बंद ठेवा. आत ७५ टक्के व्हायला हवेत. माझा मापक ८३ दाखवतो. तेव्हापासून मी तो वाचतो आणि आठ वजा करतो.

बरणीची गोष्ट. माझी पहिली फ्लायट्रॅप कुरिअरनं आली, मार्चच्या शेवटी. मेसेज वाचलेलाच होता. आईची लोणच्याची रिकामी काचेची बरणी घासून घेतली, झाड आत, झाकण वर, आणि बरणी पूर्वेच्या खिडकीत. पहिले चार दिवस आतून काचेवर थेंब दाटलेले बघून मी खूश, वाटलं जंगलच केलं. दुपारी बरणीला हात लावला तर चहाच्या कपासारखी गरम. ऊन आत शिरतं, उष्णता बाहेर निघत नाही. रात्री तीच वाफ गार होऊन पानांवर टपकते. नवव्या दिवशी झाकण काढलं तेव्हा कुबट वास आला, बुडाशी करडी लव धरलेली, आणि पान धरून ओढलं तर ते मुळापासून सुटून चिमटीत आलं. ओलं पान, थांबलेली हवा आणि ऊब, एवढ्यावर ती करडी बुरशी पोसली जाते. मी तिला तिन्ही गोष्टी ताटात वाढल्या होत्या.

काचेच्या बंद पेटीत झाडं जगतात हे खोटं नाही. लंडनमधले डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद बाटलीत फर्न उगवलेली दिसली आणि त्यातून 'वॉर्डची पेटी' निघाली. पण ती सावलीतली फर्न होती. उन्हाला हपापलेल्या फ्लायट्रॅपला तोच न्याय लावला की सावलीत ठेवली तर उजेडावाचून मरते, उन्हात ठेवली तर शिजते.

कुरिअरनं आलेलं झाड पिशवीतल्या दमट हवेला सरावलेलं असतं, ते एकदम उघडं ठेवू नये हे मात्र मान्य. पिशवी रोज थोडी जास्त उघडायची, दोन-तीन आठवड्यांत काढून टाकायची. जुनी पानं काही वाळतील. ती वाळू द्या, नवी पानं आपल्या हवेच्या बेतानं येतात.

'पंखा लावू नका' हे सगळ्यात घातक. हवा थांबली की पानालगत वाफेचा एक पातळ थर चिकटून बसतो. मग पानातून पाणी उडणं मंदावतं, मुळांकडून वर ओढ राहत नाही, आणि पाण्याबरोबर चालणारं कॅल्शियम कोवळ्या कोंबापर्यंत पोचत नाही. पान गारही होत नाही. बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा मी सेटटॉप बॉक्सच्या जुन्या अडॅप्टरवर चालवतो. तो झाडाकडे रोखत नाही, भिंतीकडे तोंड करून ठेवतो, म्हणजे झाडाला लागतो तो भिंतीवरून परतलेला वारा.

वारा किती हवा हे उदबत्ती सांगते. कुंडीशेजारी लावा. धूर सरळ सुतासारखा वर गेला तर हवा कोंडलेली आहे. वळणं घेत एका अंगाला झुकला तर छान. निघताक्षणी फाटला तर पंखा लांब न्या, नाहीतर दवबिंदूच्या केसांवरचे चिकट थेंब सुकतील. पहिल्यांदा हा उद्योग चालला होता तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "का करायलास रं? देवापुढं लावायची सोडून झाडाला उदबत्ती दाखवायलास?" आता तीच सांगते, आज धूर सरळ जायलाय म्हणून.

फवारणीचं काय? २० टक्क्यांच्या हवेत फवाऱ्याचा ओलावा काही मिनिटांत उडून जातो, मागं राहतात बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके. दवबिंदूवर फवारलं तर त्याचा डिंक धुऊन निघतो, म्हणजे शिकाऱ्याच्या हातातलं जाळंच काढून घेतलं. आणि संध्याकाळी फवारलं तर रात्रभर ओलं पान, पुन्हा बुरशीला आवतण.

बाथरूममध्ये उजेड नसतो. विषय संपला.

कूलर मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खरा आधार त्याचाच. तो हवा ओली करतो, गार करतो आणि हलवतो, तिन्ही कामं एकदम. माझ्या खोलीत मेच्या दुपारी कूलर चालू असताना २९ अंश आणि आठ वजा करून ५५ टक्के असतात. एवढ्यात माझी घटपर्णीसुद्धा तक्रार करत नाही. चूक आहे ती 'कूलरसमोर' या शब्दात. कूलरमधलं गवत हंगामाअखेर बघा, पांढऱ्या क्षारानं कडक झालेलं असतं. त्याच पाण्याचे बारीक तुषार समोरच्या पानांवर बसतात. झाडं आठ-दहा फूट लांब, वाऱ्याच्या रेषेबाहेर ठेवा, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. खिडक्या लावून कूलर चालवला तर अख्खी खोलीच बरणी होते, हे झाडांना काय, माणसांनाही कळतं. एसी असेल तर उलटं: तो हवा गार करतो पण तिच्यातलं पाणी काढून नळीवाटे बाहेर सोडतो. जून-जुलैत हवा ८० टक्क्यांवर गेली की कूलर बंद, नुसता पंखा पुरे.

राहिलं आरओचं वाया जाणारं पाणी. मशिन पाण्यातले क्षार गाळून ते ज्या नळीतून बाहेर टाकतं ती ही नळी. आमच्या बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मापकावर, ९०० च्या पुढं, नळीतलं त्याहून जास्त. ही झाडं निकस जमिनीत वाढलेली, त्यांना ५० च्या आतलं पाणी लागतं. हे पाणी महिनाभर घाला, मुळं काळी पडतील, आणि तुम्ही म्हणाल हवा कोरडी होती.

ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं झाडासाठी पाणी वेगळं काढायला मलाही संकोच वाटतो. म्हणून पावसाचं साठवतो. पत्र्यावरचे पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्यायचे, धूळ आणि पक्ष्यांची घाण निघून जाते. मग पन्हाळीखाली जुनं धोतर बांधून २० लिटरचे जार भरायचे, आणि शेवाळ धरू नये म्हणून ते जिन्याखाली अंधारात ठेवायचे. माझ्या सहा झाडांना मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत रोज दीड लिटर लागतं. मागच्या वर्षी आठ जार भरले होते. आज सकाळी सातवा उघडला.